छातीआधी चेहरा

नोटीस आली तेव्हा दिगंबर लाटकर मिशी चिकटवत होता. ओठावर गोंद, चिमटीत पांढरी झुपकेदार मिशी, बाहेर दुसरी घंटा झालेली, आणि मनगटावरचा पट्टा थरथरला. पट्टा थरथरणं ही काही बातमी नव्हे. पाणी प्या, उठून चाला, विम्याचा हप्ता भरा, असली भुणभुण त्याची दिवसभर चालूच असते. पण हा थांबेना. दिगंबरने फोन उचलला, वाचला, आणि मिशी वाकडी चिकटली.

‘आपण गेल्या वर्षी “भूमिकेचा अभ्यास” या कारणाखाली दाखवलेला खर्च हेतुमापनासाठी निवडण्यात आला आहे. सुनावणीस पट्ट्यासह हजर राहावे. या खर्चात सहभागी असलेल्या व्यक्तींना स्वतंत्रपणे कळवण्यात येत आहे.’

इतरांना पहिल्या दोन वाक्यांनी घाम फुटतो. दिगंबरला फुटला तो तिसऱ्याने. सहभागी व्यक्ती दोनच होत्या. एक त्याचे वडील, आप्पा. ते मेले होते. दुसरी त्याची थोरली बहीण, मालनअक्का. ती इचलकरंजीत होती, जिवंत होती, आणि तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

त्या दिवशीचा प्रयोग त्याने वाकड्या मिशीने केला. टाळ्या पडल्या. प्रेक्षकांना मिशी दिसत नाही, रडू दिसतं.

आता हे हेतुमापन काय बला आहे ते समजून घ्यायला हवं. खात्याच्या पत्रकात ते अशा भाषेत लिहिलंय की वाचणाऱ्याने आपणच अडाणी आहोत असं समजून सही करून मोकळं व्हावं. गोष्ट मात्र साधी आहे.

खरं रडू छातीत सुरू होतं. आधी काळजाचा ठोका चुकतो, श्वास अडतो, मग घसा, मग ओठ, मग डोळे. केलेलं रडू उलट्या वाटेने जातं. आधी चेहऱ्याचे स्नायू हलतात, आवाज चिरतो, आणि नट कसलेला असेल तर शरीर फसतं. मागाहून छातीही धडधडायला लागते. अश्रू दोन्हीकडे खारटच. बघणाऱ्याला फरक कळत नाही, करणाऱ्यालाही पुष्कळदा कळत नाही. पण क्रम वेगळा. आधी काय आलं, छाती की चेहरा? मधलं अंतर पापणी लवायच्या आतलं. मनगटावरचा पट्टा नाडी आणि कातडीचा ओलावा मोजतो, कानातलं बटण गालाच्या आणि जबड्याच्या स्नायूंची हालचाल टिपतं. ही दोन्ही दावणी विमा कंपन्यांनी लोकांच्या अंगावर आधीच चढवून ठेवलेली होती; नको म्हणाल तर हप्ता दुप्पट. कुणा हुशार माणसाने या दोन नोंदी शेजारीशेजारी मांडल्या आणि त्याला ते अंतर सापडलं. शास्त्रज्ञांनी त्याला लांबलचक नाव दिलं. लोकांनी नाव ठेवलं ‘फट’. फट दिसली म्हणजे माणूस ते करत होता. फट नाही म्हणजे त्याला ते होत होतं.

शोध लागला होता मनाच्या दुखण्यांसाठी. हसत हसत आतून खचलेला माणूस वेळेत ओळखावा म्हणून. पण चांगल्या कामाला पैसा कोण देतो? गुन्ह्यांच्या खटल्यात हे यंत्र नको, असं न्यायालयाने बजावलं. मग ते करखात्याच्या दारात जाऊन बसलं, आणि तिथे त्याला पाट-रांगोळीने आत घेतलं.

कायदा जुनाच होता. खर्च संपूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झाला असेल तरच तो उत्पन्नातून वजा. सुताराचा रंधा धंद्याचा, हे शेंबडं पोरही सांगेल. नटाचं काय? त्याचा रंधा म्हणजे त्याचं अंग. केसांचा कलप, व्यायामशाळा, बरा शर्ट, गावोगावचा प्रवास, दुसऱ्याच्या नाटकाचं तिकीट. यातलं धंद्यासाठी किती आणि हौसेसाठी किती? वर्षानुवर्षं यावरून नट आणि खातं यांची रस्सीखेच चाललेली. फटीने ती एका झटक्यात मिटवली. फट असेल तो वेळ कामाचा, त्या वेळचा खर्च वजा. फट नसेल तो वेळ खासगी, त्यावर मुकाट्याने कर भरा.

माणसं असल्या गोष्टी लगेच शिकतात. मालिकेत आई होणाऱ्या एका नटीने पोटच्या पोरीचा वाढदिवस फट ठेवून साजरा केला. हॉलचं भाडं, केक, फुगे, सगळं वजा. पोरगी अजून दुधाचे दात पडायच्या वयाची. झोपताना बापाला म्हणाली, “आज आई टीव्हीतली होती.” रंगपटात हा किस्सा हसत सांगतात. हसण्यासारखं त्यात काय आहे, देव जाणे.

दिगंबरचं पाप एवढं मोठं नव्हतं. निदान त्याला तसं वाटत होतं.

नाटकात त्याची भूमिका कंपवात झालेल्या म्हाताऱ्या मागवाल्याची. आप्पा जन्मभर पॉवरलूमवर राबलेले आणि शेवटी कंपवातानेच अंथरुणाला खिळलेले. नाटक हातात येणं आणि आप्पांचं दुखणं वाढणं एकाच सुमाराला झालं. आधी दिवाळीलाही धड न फिरकणारा दिगंबर दर सुट्टीला पुण्याहून इचलकरंजीला जाऊ लागला. अक्काला बरं वाटलं. लग्न मोडल्यापासून ती आप्पांपाशीच होती. उचलणं, धुणं, भरवणं सगळं तिच्याच अंगावर. दिगंबरने वरखाली होणारी खाट आणली, चाकाची खुर्ची आणली. आप्पा गेले. खाट डोळ्यांसमोर नको, घेऊन जा, असं अक्का म्हणाली. कुठल्यातरी दवाखान्याला देतो, असं हा म्हणाला. आणि ती खाट नाटकाला लागली. नटाने घरातली वस्तू नाटकाला लावावी ही आपल्याकडची रीतच आहे. कुणाचा पानाचा डबा, कुणाची काठी, कुणाच्या लग्नातला शालू. त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

चूक झाली ती पुढे. विवरणपत्र भरताना तो आपल्या सीएसमोर, रेश्मा कोठावळेसमोर, बोलून गेला, “ही भूमिका उभी राहिली ती आप्पांच्या उशाशी बसून.” नटांना असं बोलायची खोड असते. मुलाखतीत ते शोभूनही दिसतं. रेश्माने ते रकान्यात उतरवलं. प्रवास, खाट, खुर्ची, औषधंसुद्धा, सगळं ‘भूमिकेचा अभ्यास’. दिगंबरने सही केली. न वाचता केली असं नाही. वाचून केली.

आणि आता तो तिच्या टेबलासमोर मान खाली घालून बसला होता.

“दावा मागे घेऊ या,” तो म्हणाला.

“नोटीस निघाल्यावर? म्हणजे खोटा होता असं आपणच कबूल करायचं?” रेश्मा म्हणाली. “दंड राहू दे बाजूला, सर. तुमची व्यवसाय-नोंदणी जाईल. नोंदणी नसलेल्या नटाला दिलेलं नाइटचं मानधन निर्मात्याला वजा करता येत नाही. कोण उभं करेल तुम्हाला? तुमचा निर्माता तर चहाच्या कपाचीही पावती मागतो.”

“यंत्रात फट निघाली तर?”

“तर सुटलो. वरून शाबासकी.”

“आणि नाही निघाली तर?”

“बुडालो. पण निघेल की. मी नाटक पाहिलंय ना तुमचं. असं काम नुसतं बसून येत नाही, बारकाईने बघावं लागतं.”

दिगंबर म्हणाला, “निघू नये असं वाटतंय मला.”

रेश्माने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “सर, सीएकडे येऊन हरायची इच्छा सांगणारे तुम्ही पहिलेच.”

“अगं, बाप मरत होता तेव्हा मी तालीम करत होतो, असं सरकारी शिक्क्यानिशी लिहून मिळणार. त्याला तू सुटणं म्हणतेस?”

“वाक्य तुमचंच होतं, सर,” ती शांतपणे म्हणाली. “मी फक्त रकाना शोधला.”

अक्काचा फोन त्याच संध्याकाळी आला. अक्का तिकडच्या बायकांसारखी ‘येतो, जातो’ असंच बोलायची. दिगंबर लहानपणी तिला त्यावरून चिडवायचा, आणि पुण्यात आल्यावर मित्रांदेखत तिचा फोन घ्यायला लाजायचा.

“दिग्या, जेवलास?”

“नाही अजून.”

“जेवून घे आदी. रिकाम्या पोटी ऐकू नगंस.”

“बोल गं अक्का.”

“मला फोनवर कायतरी आलंय. शेजारच्या वकिलाच्या सुनंकडनं वाचून घेतलं. त्यात लिवलंय, मालन लाटकर, सेवा पुरवठादार. पुरवठादार म्हंजे काय रं? मी काय तुझी दूधवाली हाय?”

“ते यंत्राने आपोआप लिहिलंय, अक्का.”

“यंत्राला तू काय सांगितलंस, ते विचारतोय मी.”

“आप्पांवरचा खर्च दाखवला. सगळेच दाखवतात.”

“बरं. दाखवलास. आणि खाट कुठल्या दवाखान्यात दिलीस म्हणालास?”

दिगंबरने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

“हितं लिवलंय, नाटकाचं सामान. घसारा धरलाय म्हणं वर्साचा. बाप मेलेल्या खाटंवर घसारा!” अक्का हसली. ती रागावली की घरात भांडी वाजायची. ती हसली की मात्र आप्पासुद्धा उठून बाहेर जायचे. “बोलवाल्यात मला. येतो मी.”

“तू कशाला एवढ्या लांब? लिहून पाठवलं तरी चालतं.”

“न्हाई. मला बघायचं हाय.”

“काय बघायचंय?”

“तुला,” अक्का म्हणाली आणि फोन ठेवला.

सुनावणीचं केंद्र शहराबाहेर होतं. जुन्या कचेऱ्यांत निदान माणसांची गजबज असते, पान खाऊन तोंड भरलेला शिपाई असतो, ओरडता येईल असा कारकून असतो. इथे काही नव्हतं. काच, गारवा आणि पाय वाजू नयेत म्हणून अंथरलेला गालिचा. कसायाचं दुकान इतकं स्वच्छ असलं की जास्त भीती वाटते.

बाकावर अक्का अंगात स्वेटर घालून बसली होती. मांडीवर डबा, डब्यात भडंग. येताना भावासाठी आणलं होतं. राग आपल्या जागी, भडंग आपल्या जागी.

“खा,” ती म्हणाली.

दिगंबरने मूठभर घेतलं, पण तोंडात टाकलं नाही. “अक्का, नीट ऐक. आधी माझ्या नोंदी दाखवतील. मग तुला विचारतील, हा कशासाठी यायचा. उत्तरं दोनच. मुलगा म्हणून, भाऊ म्हणून यायचा, नाहीतर कामासाठी यायचा.”

“कुठलं बोलल्यावर काय होतंय?”

“मुलगा-भाऊ म्हणालीस तर माझा दावा खोटा ठरतो. नोंदणी जाईल, नाटक बंद.”

“आणि काम म्हटलं तर तू सुटलास.”

“हो. पण तू पहिलंच सांग. बुडू दे मला.”

“मग काय करशील? माग चालवशील? तुला साधी सुताची गाठ मारता येत न्हाई. आप्पा म्हणायचं, ह्येच्या हातात निस्तं हावभाव हाईत.”

“काहीही करीन. हमाली करीन. पण तू भाऊ म्हण.”

“मनापासनं बोलालास?”

“मनापासून.”

अक्का त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो लहान असताना, अंगात ताप आहे की शाळा बुडवायचं सोंग आहे, हे ओळखायला ती असंच बघायची. कपाळाला हात न लावता ओळखायची. कधी चुकायची नाही. बराच वेळ बघून तिने डब्याचं झाकण लावलं.

“कळत न्हाई रं,” ती म्हणाली. “आदी कळायचं.”

आत सुनावणी घेणाऱ्या भाटवडेकर मॅडम होत्या. साठीला टेकलेल्या, हसतमुख, केसांत अबोलीचा गजरा. राक्षसाला शिंगं असली म्हणजे सोपं जातं. इथे उठून नमस्कार करणारी बाई होती.

“लाटकर, तुमचं नाटक मी दोनदा पाहिलं,” त्या म्हणाल्या. “दोन्ही वेळा रडले. मालनताई, पाणी घेणार?”

भिंतीवर पडदा होता आणि पडद्यावर दोन रेघा सरकत होत्या. निळी छातीची, नारिंगी चेहऱ्याची. मॅडमनी बटण दाबलं.

“आपण वडील गेले त्या सकाळपासूनच सुरुवात करू या का?” त्या म्हणाल्या. चहात साखर किती, असं विचारावं तसं.

पडद्यावर ती सकाळ आली. माणसं नाहीत, खोली नाही, आप्पांचा घरघरणारा श्वास नाही, नुसत्या रेघा. नारिंगी वर गेली. मग थोडं थांबून निळी वर गेली. पुन्हा नारिंगी, पुन्हा तिच्या मागून निळी. दोघींच्या मधे पांढरी पट्टी.

“फट अगदी स्वच्छ आहे,” मॅडम म्हणाल्या.

“अहो, मी रडत होतो तेव्हा!” दिगंबर ओरडला.

“हो ना. आधी चेहऱ्याने.” त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, हेच वाईट होतं. “सगळ्याच भेटींत थोडंफार असंच आहे. एवढं मात्र मला कळलं नाही.” त्यांनी आणखी एक रेघ काढली, हिरवी. बारीक, एकसारख्या लाटांची. “पट्टा तुमच्या उजव्या हातात असतो ना? हा हात सारखा हलतोय. काय चाललं होतं?”

दिगंबरने उजवा हात टेबलाखाली घेतला.

“आप्पांचा हात,” तो शेवटी म्हणाला. “कंपवातात अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत राहतात. आप्पांचं ते तुटलेलं सूत जोडल्यासारखं दिसायचं. जन्मभर तेच केलेलं. मी ते... उचललं.”

“हो हो! तिथेच टाळी पडते!” मॅडमचे डोळे चमकले. “सुंदर. म्हणजे हा तर अभ्यासाचा थेट पुरावाच झाला.”

पडद्यावरची हिरवी रेघ अक्का एखाद्या गाठी पडलेल्या सुताकडे बघावं तशी बघत होती.

“आता थोडी अडचण,” मॅडम म्हणाल्या. “तुलनेसाठी यंत्र प्रयोगांच्या नोंदीही घेतं. हे बघा, तुमचा शेवटचा अंक.”

निळी वर गेली. तिच्या मागून नारिंगी. आणखी एक प्रयोग, आणखी एक. दर वेळी आधी छाती, मग चेहरा. मधे पट्टी नाही.

“वडील गेल्यानंतरच्या प्रत्येक प्रयोगात असंच आहे. शेवटच्या अंकात तुम्ही काम करतच नव्हता, लाटकर. तुम्हाला होत होतं. नियमाने तो वेळ खासगी. त्या प्रयोगांचा खर्च नामंजूर करावा लागेल. किरकोळ बाब आहे. पण यापुढे जपा. रंगमंचावर फट ठेवा. आम्ही वर्षभर तुमच्या पट्ट्यावर लक्ष ठेवूच.”

रंगमंचावर वाटलेलं दुःख गुन्हा, आणि बापाच्या उशाशी केलेलं नाटक मान्य! हा निवाडा एक बाई अबोलीचा गजरा माळून, पाण्याचा पेला पुढे सरकवत देत होती. पण दिगंबरला त्यातलं एकच ऐकू आलं. तो जवळजवळ आनंदाने अक्काकडे वळला.

“बघितलंस अक्का? मी रडलो आप्पांसाठी. खरंखुरं. यंत्रच सांगतंय!”

“बघितलं की,” अक्का म्हणाली. “बाप म्होरं हुता तवा न्हाई आलं. तिकीट काढून बसलेल्या लोकास्नी दाखवायला आलं.”

हे वाक्य कुणी लिहून दिलं असतं तर त्यावर काय करायचं ते दिगंबरला कळलं असतं.

मॅडमनी अक्काच्या कानात बटण बसवलं. पट्टा तिच्या हातात होताच. विम्याने तिलाही सोडलं नव्हतं. पडद्यावर आता अक्काच्या दोन रेघा सरकू लागल्या. संथ, जवळजवळ सपाट.

“मालनताई, घाबरू नका. हे तुमच्या घरी कशासाठी यायचे, एवढंच मोकळेपणाने सांगा. पढवलेली साक्ष असली की फट दिसते, आणि मग साक्षही बाद आणि यांचा दावाही बाद. म्हणून मनातलंच बोला.”

दिगंबरच्या डोक्यात झरझर हिशेब झाला. अक्का आपल्याला बुडू देणार नाही. आयुष्यभर कधी दिलं नाही. वडिलांच्या मारातून हिनेच वाचवलं, पुण्याच्या खोलीच्या भाड्यासाठी स्वतःच्या पाटल्या हिनेच मोडल्या. आताही ती वाचवायलाच बघणार, ‘कामासाठी यायचा’ म्हणणार, खोटं बोलणार. आणि तिला खोटं बोलता येत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात झाडाचं काम दिलं तर तेही जमलं नव्हतं तिला. यंत्र तिला पकडेल. फट दिसेल. दावा पडेल, नोंदणी जाईल, नाटक जाईल. जाऊ दे. ती फट म्हणजे अक्काने भाऊ म्हटल्याचा दाखला. आयुष्यात कुठल्या भूमिकेसाठी त्याने इतका जीव टाकला नव्हता, जितका आता त्या बोटभर पांढऱ्या पट्टीसाठी टाकत होता. तो अक्काकडे बघत नव्हता. पडद्याकडे बघत होता.

“तो कामासाठी यायचा,” अक्का म्हणाली.

आणि ती थांबली नाही.

“मला आदी वाटायचं, बापासाठी येतोय. लई बरं वाटायचं. मग आप्पाचा हात थांबला. मी ह्येच्याकडं बघितलं. म्हटलं, आता ह्यो मला धरंल. तर ह्येचा हात चालूच. आप्पाचा थांबला आणि ह्येचा चालू. इसरू नये म्हणून गिरवत हुता. मी एकटीनंच आप्पाचं डोळं मिटलं.” तिने श्वास घेतला. “तो कामासाठी यायचा.”

निळी रेघ उठली. तिच्या मागून नारिंगी उठली.

मधे पट्टी नव्हती. दिगंबर पुढे झुकून बघू लागला, नीट दिसलं नसेल म्हणून. मॅडमनी रेघा मोठ्या करून दाखवल्या. पट्टी नव्हती.

“साक्ष ग्राह्य,” मॅडम म्हणाल्या. “दावा मंजूर. अभिनंदन, लाटकर. मालनताई, पुरवठादार म्हणून तुमचा मोबदला दाखवावा लागेल, ते यांच्या सीए बघतील.” त्यांनी बटण दाबून पडदा बंद केला, अक्काच्या कानातलं बटण काढून घेतलं, ‘पुढच्या नाटकाला नक्की येईन’ म्हणाल्या आणि पुढच्या सुनावणीसाठी शेजारच्या खोलीत गेल्या.

अक्का उठली. पिशवी घेतली, डबा पिशवीत ठेवला, खांद्यावरून पदर घेतला आणि दाराकडे निघाली.

“अक्का,” दिगंबर म्हणाला.

त्याचे खांदे गदगदू लागले, नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पन्नाशीचा बाप्या खुर्चीची पाठ धरून हुंदके देत उभा राहिला.

अक्का दारात थांबली. वळली.

“दिग्या, ह्ये कुठलं रं?” तिने विचारलं.

टोमणा नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. सांगितलं असतं तर कदाचित तिने पिशवी खाली ठेवली असती.

दिगंबरने सांगायला तोंड उघडलं. छातीत कालवाकालव होती, चेहऱ्यावरही होती. आधी कुठे सुरू झालं? त्याने आठवून पाहिलं. मागे जाऊन पुन्हा आठवून पाहिलं. आणि मग, नकळत, त्याची नजर भिंतीकडे गेली.

अक्काचीही गेली.

पडदा बंद होता. तरी दोघं तिकडेच बघत राहिली.